खोगिरावरून क्लिक!

शनिवारी पहाटे, कोंडी व्हायच्या आत पुनावळ्याच्या भुयारी मार्गातून गाडी बाहेर काढली की दोन वाटा समोर असतात. किवळ्याहून द्रुतगती मार्ग धरायचा, खोपोली-कर्जत-नेरळ करत माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर पोहोचायचं. नाहीतर बंगळुरूच्या दिशेने निघून वाईचा पसरणी घाट चढायचा आणि पाचगणीचं टेबल लँड गाठायचं. दोन्हीकडे खोगीर कसून उभे असलेले घोडे भेटतात आणि "चला, पॉइंट दाखवतो, फोटोही काढून देतो" म्हणणारे घोडेवाले भेटतात.

मंगोलियाच्या गवताळ माळापासून चिलीतल्या तोरेस देल पाइनेपर्यंत आता घोड्यावरून फोटोग्राफीच्या सहली निघतात. वाटाड्या, घोडे, तंबू आणि सूर्योदय-सूर्यास्ताला बांधलेलं वेळापत्रक. आपल्याकडे लडाख आणि स्पितीत घोडे सामान घेऊन पुढे निघतात आणि कॅमेरेवाले मागून. पण या छंदाची ओळख करून घ्यायला पासपोर्ट लागत नाही. घोडा, डोंगर आणि कॅमेरा या त्रिकुटाच्या सुरस गोष्टी घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरात पसरलेल्या आहेत.

कॅमेऱ्याच्या आधीचा 'सेल्फी'

सुरुवात हरिश्चंद्रगडापासून करायला हवी, कारण घोड्यासकट डोंगरात उमटलेलं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर चित्र तिथलं आहे, आणि ते कॅमेऱ्याशिवाय उमटलेलं आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी. दख्खनची पाहणी करत फिरणं हे त्यांचं काम. पाऊस, वारा, पक्षी, पिकं, मासे, दिसेल त्याची नोंद करण्याची त्यांना सवय होती. हरिश्चंद्रगडावर मुक्काम असताना कोकणातून धुक्याची भिंत कड्याच्या वर येताना त्यांनी पाहिली आणि त्या भिंतीवर त्यांना इंद्रधनुष्याचं पूर्ण वर्तुळ दिसलं. वर्तुळाच्या आत होती त्यांची स्वतःची, त्यांच्या घोड्याची आणि सोबतच्या माणसांची आकृती. चौकटीत बसवलेली तसबीरच! दख्खनच्या हवामानावरचा त्यांचा लेख १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, त्यात हे वर्णन आहे. छायाचित्रणाचा शोध जगापुढे जाहीर झाला १८३९ साली. म्हणजे घोडा, स्वार आणि डोंगर यांचं 'चित्र' सह्याद्रीने कॅमेऱ्याच्या आधीच काढून दाखवलं होतं.

आपले भटके या दृश्याला इंद्रवज्र म्हणतात. ते दिसायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. सूर्य पाठीशी हवा, समोर दरीत दाट धुकं हवं आणि आपण मोकळ्या कड्यावर हवं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून सूर्य पूर्वेला असताना, सकाळी, तिथे आशा धरायची. गंमत अशी की शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांना वर्तुळ वेगवेगळं दिसतं. प्रत्येकाला ते आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. त्यामुळे मित्राचं इंद्रवज्र तुम्हाला टिपता येत नाही, ज्याचं त्याने टिपायचं. कड्याच्या काठावर मात्र पोटावर झोपूनच पुढे सरका. तिथे वारा दरीतून उलटा वर येतो आणि उभ्या माणसाचा तोल सहज जातो.

चारही पाय हवेत

घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का? हा वाद शतकानुशतकं चालला, कारण माणसाच्या डोळ्याला तेवढं वेगाने बघताच येत नाही. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि त्यांचे दोरे धावपट्टीवर आडवे ताणले. घोडी धावत गेली, दोरे तुटत गेले, कॅमेरे एकामागोमाग उघडत गेले. निकाल लागला: हो, पाय सुटतात. पण चित्रकार दाखवत आले होते तसे पुढे-मागे फाकलेले असताना सुटत नाहीत. ते पोटाखाली एकत्र येतात तेव्हा सुटतात.

या बारा चित्रांनी जगभरच्या चित्रकारांची पंचाईत केली. कित्येक दिमाखदार युद्धचित्रांतले घोडे एका दिवसात चुकीचे ठरले. पुढे सिनेमाचा उगम सांगताना लोक याच चित्रांकडे बोट दाखवू लागले.

घोड्याच्या शरीराचा अभ्यास शिल्पात कसा उतरतो हे बघायचं असेल तर पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघा. शिल्पकार नानासाहेब करमरकर, साल १९२८. एवढा मोठा ब्रॉन्झचा पुतळा एकसंध ओतण्याचं धाडस त्यांनी केलं. अलिबागजवळ सासवणे या त्यांच्या गावी त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, तेही चुकवू नका. आणि जाता जाता: पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमांनी गेला, दोन वर असतील तर रणात, हा फॉरवर्ड मेसेज पुढे ढकलू नका. शिल्पकारांचा असा कुठलाही नियम नाही.

पुनावळ्याचं पाणी भीमथडीला

पुनावळ्याच्या शिवेवरून पवना वाहते. दापोडीला ती मुळेला मिळते, पुण्यात संगमावर मुठा येऊन मिळते आणि मुळा-मुठेचं पाणी पुढे भीमेत जातं. त्या भीमेच्या दोन्ही काठांचा मुलूख म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळाची काटक तट्टं इथली. अंगाने लहान, खायला थोडकं आणि चालायला दांडगी. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, त्या गीतातही ही तट्टं आहेत.

ही तट्टं इतिहासात जमा झाली असं आपण धरून चाललो होतो. पण धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन निघतात तेव्हा त्यांच्या संसाराचं ओझं वाहणारी तट्टं नीट बघा. कोंबड्या, भांडी, तंबूचं कापड, कधी वर बसवलेलं लहान मूल, सगळं त्यांच्याच पाठीवर. भीमथडी ही स्वतंत्र जात असल्याची अधिकृत नोंद अलीकडेच झाली. काठियावाडी, मारवाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंगतीत भारतातली आठवी नोंदणीकृत घोड्याची जात म्हणून ती जाऊन बसली. दिवाळीनंतर पुणे, सातारा, नगर, सोलापूरच्या माळरानांवर फिरणाऱ्या फोटोग्राफरने वाड्याशेजारी थांबून, विचारून, या तट्टाचा एक फोटो जरूर काढावा. जातिवंत मराठी घोडा तो हाच.

या घोड्यांची निगाही काटेकोर असे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेचा हिशेब दिला आहे: दर पंचवीस बारगिरांमागे पाणी पुरवणारा एक पखालजी आणि एक नालबंद. स्वाऱ्या लांबच्या, वाटा दगडधोंड्यांच्या. नाल निघाली की घोडा लंगडतो आणि लंगड्या घोड्याचा स्वार पायी चालतो, हे त्या व्यवस्थेला पक्कं ठाऊक होतं. आजही नाल साधारण दीड-दोन महिन्यांनी बदलावी लागते, कारण खूर आपल्या नखांसारखे वाढतच राहतात.

चाकणचे घोडे

आपल्या पट्ट्यात खऱ्या घोड्यांपेक्षा कागदावरचे घोडे कितीतरी जास्त. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीची ताकद आजही 'हॉर्सपॉवर'मध्ये सांगतात. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाची तुलना खाणीतल्या आणि गिरणीतल्या घोड्यांच्या कामाशी केली आणि ते माप रूढ झालं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आता मजा बघा: एका घोड्याची ताकद एक अश्वशक्ती नसते! दिवसभर संथ काम करताना ती तेवढ्याच्या आसपास असते, पण जोर लावला की काही क्षणांपुरता घोडा पंधरा अश्वशक्तीच्या जवळ जातो. साध्या स्कूटरच्या ताकदीपेक्षाही हे जास्त.

स्कूटरचा विषय निघालाच आहे तर आकुर्डीला मानाचा मुजरा करायला हवा. १९७२ पासून आकुर्डीच्या बजाजने ज्या स्कूटरवर अख्खा मध्यमवर्ग बसवला तिचं नाव चेतक. हळदीघाटच्या लढाईत महाराणा प्रतापांना वाचवणारा घोडा तो हाच. २०२० पासून तेच नाव विजेवर धावतंय. लढाई १५७६ची. साडेचारशे वर्षं एका घोड्याचं नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे, असा दुसरा घोडा भारतात क्वचितच सापडेल.

घोडा काय बघतो?

इथे जरा थांबू, कारण घोड्यावरून चांगला फोटो काढायचं अर्धं कसब यातच आहे.

जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांमध्ये घोड्याचा डोळा मोडतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचा देखावा एकाच वेळी दिसतो. तुमच्याकडच्या कुठल्याही वाइड लेन्सपेक्षा रुंद! फक्त दोन जागा त्याला दिसत नाहीत: कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या थेट मागची. म्हणून मागून चालत जाऊन त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारू नये. म्हणून खोगिरावर बसल्या-बसल्या पाठीवरची बॅग काढून गर्रकन फिरवू नये. काहीच नव्हतं तिथे अचानक काळं काहीतरी हललं, एवढंच त्याला कळतं. शिकार होण्याची भीती हाडीमाशी भिनलेला प्राणी अशा वेळी आधी पळतो आणि मग विचार करतो.

निळा आणि पिवळा रंग त्याला दिसतो, लाल आणि हिरवा त्याला नीट वेगळे ओळखता येत नाहीत. माथेरानची लाल माती आणि हिरवी झाडी, ज्यासाठी आपण तिथवर जातो, ती त्याच्यासाठी जवळपास एकाच रंगाची. अंधारात मात्र त्याची नजर आपल्यापेक्षा तेज असते. डोळ्याच्या आत प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅश मारला की डोळे चमकतात आणि फोटो बिघडतो. घोडा बिथरतो ते वेगळंच. फ्लॅश बंदच ठेवा.

त्याच्या नजरेची एक उणीवही आहे. लख्ख उन्हातून दाट सावलीत शिरताना त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. उघड्या पठारावरून झाडीत शिरताना घोडा अडतो, मान वर करतो, फुरफुरतो, तो यामुळेच. नवखा पर्यटक टाच मारतो. जाणता घोडेवाला लगाम सैल सोडतो, मानेवर हात ठेवतो आणि दोन क्षण थांबतो. दस्तुरीहून गावाकडे जाताना मी हे जवळून पाहिलं आहे. घोडेवाला काहीही बोलला नाही. त्याने फक्त तंगाखाली दोन बोटं घालून पट्टा किती आवळलाय ते चाचपलं, घोड्याचे मागे वळलेले कान पुन्हा पुढे येईपर्यंत वाट पाहिली आणि मगच पाऊल टाकलं.

कान हा तर घोड्याचा काटाच. दोन्ही कान स्वतंत्रपणे १८० अंशांत फिरतात, आणि कान जिकडे, लक्ष तिकडे. दोन्ही कान पुढे टवकारलेले असताना घेतलेला फोटो उठावदार दिसतो. कान मागे चिकटवलेले असतील तर कॅमेरा खाली ठेवा आणि दोन पावलं मागे सरा, घोडा रागावलाय.

आणखी काही भराभर. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊच शकत नाही. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून लाडाने काहीबाही खायला घालणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. उभ्या-उभ्या तो झोपतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. आणि आपण ज्याला पांढरा घोडा म्हणतो तो बहुतेकदा जन्मतः काळा किंवा तपकिरी असतो, वयाबरोबर केस पांढरे होत जातात, कातडी काळीच राहते.

खोगिरात काचा

जुन्या फोटोग्राफरांच्या पुढे आपण सगळे सुखवस्तू. सॅम्युएल बोर्न यांनी १८६० च्या दशकात सिमल्याहून हिमालयात तीन मोठ्या मोहिमा काढल्या. तेव्हा काचेवर ओलं रसायन पसरून, ती काच वाळायच्या आत फोटो काढून, लगेच तिथेच धुवावा लागे. म्हणजे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि जड काचा, हे सगळं हमालांच्या डोक्यावर. १८६६ साली मनिरंग खिंडीत, साडेपाच हजार मीटरहून जास्त उंचीवर, त्यांनी हे करून दाखवलं. इतक्या उंचीवरचा फोटो तोवर कोणी काढला नव्हता. तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी हवा. धाप लागलेली असताना काचेवर थर एकसारखा पसरायचा!

इटलीच्या व्हित्तोरिओ सेला यांनी १८९९ साली कांचनजुंगाभोवती आणि १९०९ साली के-टूच्या पायथ्याशी काढलेली छायाचित्रं आजही गिर्यारोहक अभ्यासतात. त्यांच्या काचा ३० बाय ४० सेंटिमीटरच्या. त्या फुटू नयेत म्हणून जनावराच्या पाठीवरचं खोगीर आणि पाठपिशवी त्यांनी स्वतः नव्याने बेतून घेतली. डोंगरातल्या छायाचित्रणात खोगिराला किती मोल आहे, याला याहून चांगला दाखला मिळणार नाही.

मुंबईकर आणि मराठी मंडळीही मागे नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, म्हणजे भारतात सर्वांत आधी. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार.

माथेरान: जिथे गाडी थांबते

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि माथेरान थंड हवेचं ठिकाण म्हणून नावारूपाला आलं. उंची आठशे मीटर. हिमालयाच्या मानाने टेकडीच. पण मोटारींना बंदी असलेलं असं गिरिस्थान मिळायला भाग्य लागतं. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. दस्तुरीला गाडी ठेवायची आणि पुढे पाय, घोडा किंवा छोटी रेल्वे. आता मोजक्या ई-रिक्षाही धावतात. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. हे फार आधी व्हायला हवं होतं.

परवानाधारक घोडे इथे साडेचारशेच्या आसपास. तेच सिलिंडर, सिमेंट, भाजीपाला वाहतात आणि तेच तुम्हाला पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदयाला नेतात. तीसहून जास्त पॉइंट आहेत. सकाळी पॅनोरमा, संध्याकाळी पोर्क्युपाइन, ही सरळ वाटणी. मधल्या वेळेत उजेड कडक असतो, तेव्हा शार्लोट लेकच्या झाडीत शिरा. माकडं बॅगेची चेन उघडण्यात पटाईत आहेत, कॅमेरा गळ्यातच बरा.

छोट्या रेल्वेचं श्रेय आदमजी पीरभॉय कुटुंबाचं. दोन फूट रुंदीचा रूळ, वीसेक किलोमीटरची वळणावळणाची चढण, १९०७ साली सुरू. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते, अमन लॉजपासूनची चालू असते. घोड्याच्या कानांमधून झाडीतून येणारी ती गाडी फ्रेममध्ये पकडली की दिवस सत्कारणी.

माथेरानची लाल धूळ मात्र वैरीण. खोगिरावर बसून लेन्स बदलायचा विचारसुद्धा करू नका. एकच झूम लेन्स लावून निघा.

पाचगणीचं टेबल लँड याउलट सताड उघडं. तेराशे मीटरहून उंच, जांभ्या दगडाचं सपाट पठार. पाचगणी आणि महाबळेश्वर परिसरातली लाव्हाची ही रचना २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ज्या खडकावर घोडा टापा वाजवत चालतो तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून आलेला आहे, हे ठाऊक असलं की त्या टापांचा आवाज वेगळाच लागतो. पावसाळ्याच्या शेवटी पठारावर पाणी साचतं आणि घोड्याचं प्रतिबिंब मिळतं. तेवढ्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा.

उंच गेलात तर

लेह साडेतीन हजार मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच्या जवळ. घोड्यावर बसलात म्हणून विरळ हवेचा त्रास टळत नाही, घोडा तुमच्यासाठी श्वास घेत नाही. पोहोचल्यावर दोन दिवस गुपचूप आराम करायचा, डोकं दुखून मळमळू लागलं तर आणखी वर जायचं नाही आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. फोटो पुढच्या वर्षीही मिळतो.

घोडा मात्र तिथलाच. झांस्कारी घोडा अंगाने लहानखुरा, पण चार-पाच हजार मीटरवर ओझं घेऊन चालतो. तिबेटी घोड्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा विरळ हवेत जगायला मदत करणारा बदल त्यांच्या ज्या जनुकात सापडला, त्याच जनुकात तिबेटी माणसांमध्येही तसा बदल आधीच आढळला होता. माणूस आणि घोडा, दोघांनी एकाच प्रश्नाला जवळपास एकच उत्तर शोधलं! शिवाय कुठल्याही घोड्याच्या प्लीहेत लाल रक्तपेशींचा मोठा साठा असतो. चढ लागला की ती आकसते आणि राखीव रक्त अंगभर फिरू लागतं.

लांबच्या वाटांवर ओझ्याला बहुधा खेचरं असतात. बाप गाढव, आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, म्हणून त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. अरुंद वाटेवर पाय टाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण ते दरीच्या काठाने चालतं, कारण पाठीवरचं ओझं डोंगराला घासू नये अशी त्याला सवय असते. खेचरांची रांग आली की आपण डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

कॅमेऱ्याचं पथ्य थोडक्यात. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. बाहेरून तंबूत येताना कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करूनच आणा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. कॅमेऱ्याचं मीटर बर्फाला राखाडी करून टाकतं, एक-दोन स्टॉप वाढवा. काळा घोडा फ्रेमभर असेल तर उलट करा. उंचावर आभाळ गडद निळं दिसतं ते तुमच्या मोबाइलचं कौतुक नव्हे, वर हवा कमी म्हणून प्रकाश कमी विखुरतो.

घोड्यांच्या जत्रा

बसायचं नसेल, नुसते घोडेच टिपायचे असतील तर दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा गाठा. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यात देशभरातून आलेल्या घोड्यांचा बाजार. खरारा करून चकाकणारी अंगं, वेण्या घातलेली आयाळ, दाम ठरवताना घोड्याचे दात बघणारे म्हातारे, फोटोग्राफरला दिवस अपुरा पडतो.

दुसरं ठिकाण तर आपल्या दारातलं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला विसावते, पुनावळ्याहून हाकेच्या अंतरावर. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यातले अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, पायी चालत, थेट आळंदीपर्यंत. दोन अश्व: एकावर स्वार, दुसऱ्यावर कोणीच नाही, तो माउलींचा. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, पुरंदावड्याला पहिलं गोल. अश्व दौडत गेला की वारकरी धावत येऊन त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या क्षणी लेन्स घोड्यावर नको, त्या चेहऱ्यांवर हवी.

बसण्यापूर्वी

डोंगरात घोड्यावर बसायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी कधी लगाम धरलेला नसतो. मोठ्या सहलीचे पैसे भरण्याआधी तळेगाव परिसरातल्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या केंद्रांत काही धडे घ्या. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे रेलायचं. रिकिबीत पायाचा फक्त चवडा, टाच खाली आणि रिकिबीबाहेर, म्हणजे पडलात तरी पाय अडकणार नाही. हेल्मेट मागा, नसेल तर स्वतःचं न्या. सेल्फी स्टिक, छत्री, फडफडणारी ओढणी, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन, यातलं काहीही घोड्याजवळ नको. घोडा चालत असताना शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा संथ ठेवू नका. अर्थात त्याला थांबवून फोटो काढणं केव्हाही चांगलं.

आणि वजन. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं वाहू नये, हा जगभर मानला जाणारा ठोकताळा आहे. तीनशे किलोच्या तट्टाला साठ किलो, त्यातच खोगीर आणि तुमची कॅमेऱ्याची बॅग आली. तुम्ही यापेक्षा भारी असाल तर बॅग घोड्यावर ठेवा आणि त्याच्या शेजारून चाला. फोटोही पायी चालतानाच जास्त चांगले मिळतात.

घोड्याची पाठ सोललेली दिसली, तो लंगडत असला, नाल सैल वाजत असली तर त्या घोड्यावर बसू नका आणि दुसरा मागा. दर फलकावर बघा आणि ठरलेल्या दरात घासाघीस करू नका, त्या पैशांतच पेंड, चारा आणि नालबंदाची मजुरी येते. निघताना घोड्याचं नाव विचारा, ते प्रत्येकाला असतंच. आणि परत आल्यावर तुमच्या शंभर फोटोंतला घोड्याचा आणि घोडेवाल्याचा मिळून एक चांगला फोटो त्याच्या मोबाइलवर त्याच दिवशी पाठवून द्या.